आज तुम्ही नाहीत

आप्पांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळ असे. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. त्या दोन घड्याळांत कायम चार-पाच मिनिटांचं अंतर पडायचं, त्यामुळे वेळ कोणालाही विचारावी पण आप्पांना विचारू नये असा आमच्या डेअरीत रिवाज होता. त्यांना विचारलं की ते आधी डावा हात बघत, मग उजवा, मग आभाळाकडे बघून म्हणत, "धा वाजले असं धरा." खात्रीने ते काहीच सांगत नसत. पाऊस पडत असतानाही ते "पाऊस हाय असं धरू" म्हणाले असते.

नव्वदनंतरची ती वर्षं. दुधाच्या परवान्यांची भानगड सैल झाली आणि ज्याच्याजवळ चार एकर माळ आणि मुंबईत एक ओळखीचा माणूस होता त्याने डेअरी काढली. आष्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, आमच्या मालकांनीही काढली. गावोगावचं दूध यायचं, आम्ही ते थंड करायचो आणि टँकरने पुढे पाठवायचो. मी अंबाजोगाईहून बी.एस्सी. होऊन तिथे दुधाची फॅट तपासायला लागले. तीस माणसांत मी एकटी बाई, आणि माझी जीभ तेव्हाही आजच्यासारखीच तिखट होती.

आप्पा तिथले मॅनेजर. मूळचे धर्मापुरीचे, घरची पिढीजात किराणा दुकानदारी, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. चालतं दुकान भावकीला देऊन हा माणूस नोकरीत कशाला शिरला हे कोणाला कळत नव्हतं. विचारलं तर म्हणत, "दुकानात माणूस एकटा असतोय. एकट्यानं काय करायचं न्हाई." एवढ्यावर विषय संपायचा.

ते भित्रे होते. आदर राखून सांगते, पण दुसरा शब्द नाही. एस.टी.त ते 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या खिडकीपाशीच बसत, आणि ती खरंच उघडते का हे बसायच्या आधी उघडून बघत. एका कंडक्टरने यावरून त्यांना कड्याच्या थांब्यावर खाली उतरवलं. ते मागच्या गाडीने आले आणि समाधानाने म्हणाले, बरं झालं, त्या गाडीची खिडकी गंजलेलीच होती. टँकरवाला म्हणाला पाचला येतो, तर "अन् न्हाई आलात तर?" मालकांच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला विचारलं, सिलेंडर संपला तर? आचारी म्हणाला दुसरा आहे. तो गळका निघाला तर? आचाऱ्याने मालकांना बोलावून सांगितलं की मांडवात एक तर हे गृहस्थ राहतील किंवा मी राहीन.

आम्ही हसायचो. पण भीती ही खरजेसारखी असते, शेजारी बसलं तरी लागते. भूकंपाच्या वर्षानंतर आमचा सगळा जिल्हाच दचकत झोपत होता. लोक महिनोन्महिने अंगणात बाजा टाकून झोपले. आप्पा एकटेच म्हणाले, "अंगणात झाड हाय. त्ये पडलं तर?" त्या रात्री मी माझी बाज अंगणातल्या लिंबापासून दोन हात लांब ओढली. ओढताना स्वतःचा राग आला, पण ओढली.

पुढे पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला आमचं दूध जायला लागलं. परदेशी भागीदार असलेली कंपनी, तिथे दुधाचं आइस्क्रीम व्हायचं. त्यांनी मालकांना एक बारा पानी इंग्रजी कागद धाडला. वर लिहिलं होतं, बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन. वीज गेली, यंत्र बिघडलं, आग लागली, पूर आला, कामाचा माणूस अचानक गेला, तर तुमचा पुरवठा कसा चालू राहील ते कळवा. मालक म्हणाले, आष्टीत प्यायला पाणी नाही, पूर कुठून आणू? आणि कागद आप्पांच्या टेबलावर टाकून निघून गेले.

आप्पांनी मला शेजारी बसवून, शब्दकोश उघडून तो तीन दिवस वाचला. शेवटच्या पानावर त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि खिशातला दुसरा चष्मा लावला.

"ताई," ते म्हणाले, "पुण्यात बी लोक भेतेत म्हणायचं."

जन्मभर ज्याला लोक घाबरटपणा म्हणत आले त्याला त्या कागदात झोकदार नाव होतं. वर ते केलं नाही तर दूध घेणार नाही अशी अटही होती. आप्पांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक लांबडी वही घेतली. डाव्या पानावर काय झालं तर, उजव्या पानावर मग काय करायचं. वीज, जनरेटर, टँकर, रस्ता बंद, फोन बंद, गॅस, सगळ्याला एकेक पान. आणि प्रत्येक उजव्या पानाची पहिली ओळ एकच: 'मी नाही असे धरावे.' त्याच्याखाली मग कोणी कुठे धावायचं, काय बंद करायचं ते. मला ती ओळ नाटकी वाटायची. एवढी नम्रता माणसाला शोभत नाही, असं मी एकदा म्हणालेही. ते वहीवर रेघा मारत राहिले.

पुण्याच्या कागदात एक रकाना होता, संकटकाळी जबाबदार व्यक्तीचं नाव. मालक म्हणाले लिहून टाका तुमचं. आप्पांनी नुसतं हूं केलं आणि रकाना कोरा धाडला. कागद लाल प्रश्नचिन्ह घेऊन परत आला. त्यांनी तो पुन्हा तसाच धाडला. तेव्हा मला वाटलं, म्हातारा हुशार आहे, अंगाशी येईल तिथे सही करत नाही. मी हे दोन-तीन जणांना बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की कानाची पाळी गरम होते.

त्यांचा एक सिद्धांत होता. "जे एकट्याला ठावं हाय त्ये कुणालाच ठावं न्हाई असं धरावं." म्हणून प्रत्येक कामाला जोडी. वजनकाट्यावरच्या कारकुनाला माझी फॅटची तपासणी शिकवली, वॉचमनला जनरेटर शिकवला, आणि मला जोडलं यंत्रघर सांभाळणाऱ्या बशीर मिस्त्रीशी, म्हणजे गॅसशी.

दूध थंड करायला अमोनिया लागतो. यंत्रघरात त्याची लांबट टाकी होती, तिथून पाइप निघायचे. लॅबच्या बाटलीतला अमोनिया मला माहीत होता, थेंबभर हुंगला तरी डोक्यात मुंगी चावते. इथे टाकीभर होता. डोळ्यांत गेला तर डोळे जातात, छातीत भरला तर माणूस. बशीर मिस्त्री त्या टाकीजवळ उभं राहून चहा प्यायचा. तो मला म्हणायचा, "म्याडम, गॅसला भ्यायचं, पर गॅसला कळू द्यायचं न्हाई." माझी भीती गॅसलाच काय, फाटकावरच्या कुत्र्यालाही कळत असेल.

टाकीच्या तोंडाशी एक मोठा व्हॉल्व्ह होता, गाडीच्या स्टिअरिंगसारखा. पुढे कुठेही गळती झाली की तो बंद करायचा, मग टाकीतून गॅस येणं थांबतं. आप्पांनी तो लाल रंगवला होता, आणि लाल रंगवूनही त्यांचं समाधान नव्हतं. गॅस फुटल्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत, मग लाल काय आणि हिरवं काय. म्हणून महिन्यातून एकदा ते माझ्या डोळ्यांवर पंचा बांधत आणि मला दारात उभं करत. आत सहा पावलं. डाव्या पोटरीला पाइप लागतो. तिथे वळायचं. चार पावलं. छातीएवढ्या उंचीवर हात. चाक उजवीकडे, घट्ट होईपर्यंत. मी पावलं मोजत, मनात आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालायची. दूध तपासायला आलेल्या मुलीला हा सर्कशीचा खेळ कशाला?  घरी मी यातलं काही सांगितलं नाही. आईने दुसऱ्या दिवशी बॅग भरून परत नेलं असतं.

दाराबाहेर एका पेटीत गॅससाठीचे, नाकातोंडापुरते दोन मुखवटे, कुलूप न लावता. बादलीत भिजवलेले टॉवेल. छपरावर बांबूला आप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा, वारा कुठून येतो ते कळायला. बाहेरचे लोक विचारायचे, हे कसलं निशाण? कोणत्या देवाचं?

आणि मग मंगळवार.

एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता. त्यात आम्हा सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. दर मंगळवारी सकाळचं दूध उतरून झालं की आप्पा डबा हलवत यंत्रघरासमोर उभे राहत, डोळे मिटून एक चिठ्ठी काढत, नाव वाचत आणि हात जोडून त्या माणसाला म्हणत, "आज तुमी न्हाईत."

त्या माणसाने जाऊन डेअरीच्या आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर बसायचं. संध्याकाळचं दूध येईपर्यंत. चहा प्यावा, पेपर वाचावा, पण कामाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कोणी येऊन विचारलं, किल्ली कुठे आहे, तरी नाही. मान हलवायची नाही, डोळ्यांनी खुणवायचं नाही. त्याच्यावाचून डेअरी चालते का, हे बघायचं. आप्पांनी मेला हा शब्द कधी वापरला नाही. आम्ही वापरायचो. फाटकातून शिरताना टँकरवाले विचारायचे, आज कोण मेलं?

बशीर मिस्त्रीची चिठ्ठी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. जित्या माणसाला मेला म्हणून बसवता, हे कसलं अभद्र, म्हणाली. आप्पा तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "भाभी, बसून सांजच्याला उठतोय त्यो. उठतोय तवरच बगून घ्यायचं असतंय." बाईला ते पटलं नाही. तिने मिस्त्रीच्या दंडाला ताईत बांधला.

मालकांचंही नाव डब्यात होतं. ते हसत बाकावर बसले, आणि नेमका बीडहून एक पुढारी जीप घेऊन आला. मालक नेम म्हणून काही बोलेनात. पुढाऱ्याला वाटलं, मागच्या निवडणुकीचा राग आहे. त्याने आधी विचारपूस केली, मग सफाई दिली, शेवटी डेअरीपर्यंतचा रस्ता डांबरी करून देतो म्हणाला. मालक लगेच जिवंत झाले. रस्ता खरंच झाला, आणि त्यानंतर आप्पांच्या मंगळवारांना नावं ठेवायची कोणाची टाप राहिली नाही.

माझी चिठ्ठी तीन महिन्यांत तीनदा निघाली. पहिल्यांदा मी ऐटीत बसले. म्हटलं, बघू आता फॅट कोण काढतंय. दहा वाजता कारकुनाने बाटल्या लावल्या. बारापर्यंत त्याचे नमुने संपले. एकदाही त्याने बाकाकडे बघितलं नाही. माणसं माझ्यासमोरून कॅन घेऊन गेली, हसली, जेवली, भांडली. मी मेल्यावर जग कसं चालेल ते मी चोवीस वर्षांची असताना लिंबाखाली बसून पाहिलं. ते अगदी नीट चालत होतं. संध्याकाळी खोलीवर जाऊन मी न जेवताच निजले. त्याआधी मरणाची भीती मला ऐकून माहीत होती, त्या दिवशी ती ओळखीची झाली.

तिसऱ्यांदा चिठ्ठी निघाली तेव्हा डोकं फिरलं. आप्पांना कळायला नको, बाकावर कसं वाटतं? पुढच्या सोमवारी संध्याकाळी आप्पा घरी गेल्यावर मी डबा रिकामा केला. त्यात त्यांच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. दोन असूनही त्यांचं नाव कधी निघालं नव्हतं. मी बसून तीस चिठ्ठ्या लिहिल्या. तीसही आप्पांच्या नावाच्या, त्यांच्यासारख्या गोल अक्षरात. डबा जागेवर ठेवला आणि खुशीत झोपले.

मंगळवारी आप्पांनी डोळे मिटले, हात घातला, चिठ्ठी उघडली. आधी त्यांनी ती नुसतीच बघितली. मग डब्यात बघितलं, जरा जास्तच वेळ. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं ते मला भस्माच्या आडूनही दिसलं.

"आज मी न्हाई," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या पिटल्या. बशीर मिस्त्रीने बाकावर चहा नेऊन दिला. आप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, डबा मांडीशी. मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. कसं वाटतंय, असं मनात विचारत होते.

अकराच्या सुमाराला यंत्रघरातून आवाज आला. फार मोठा नव्हता. कुकरची शिट्टी अडकावी तसा, पण तो थांबेना. मग वास आला, आणि वास आला म्हणेपर्यंत डोळ्यांतून पाणी. पाइपाचा जोड सुटला होता. वॉचमनने बाहेरचं बटण दाबून यंत्र बंद केलं. माणसं खोकत बाहेर पळाली. कोणीतरी विचारलं, मिस्त्री कुठाय? मिस्त्री आत होता. जोड आवळायला पाना घेऊन तोच गेला होता.

आणि मग आम्ही सगळे एकाच दिशेने धावलो. दाराकडे नाही, पेटीकडे नाही, पाण्याकडे नाही. लिंबाखाली. वर्षभर ज्यांनी एकमेकांची कामं शिकून घेतली ती दहा-बारा धडधाकट माणसं आप्पांपुढे जाऊन उभी राहिली आणि विचारू लागली, काय करायचं?

आप्पा बोलले नाहीत.

हात गुडघ्यांवर. नजर यंत्रघराच्या दारावर. पापणीही लवत नव्हती. कोणीतरी खांदे धरून हलवलं. कोणी पाया पडलं. टँकरवाला ओरडला, "बोल बे म्हाताऱ्या, माणूस मरायलाय आत." ते त्या माणसाकडे बघतही नव्हते. आतून बशीर मिस्त्रीचा खोकला ऐकू येत होता. मी पुढे घुसून म्हणाले, "आप्पा, चिठ्ठी खोटी आहे. मी घातली. तुम्ही आहात. बोला." त्या गलक्यात ते कोणी ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मग आतला खोकला थांबला.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. गॅसची तर होतीच. पण त्याहून मोठी ही, की या माणसाला मी बाकावर बसवलं, आणि माझ्या खोडीपायी बशीर मिस्त्री मरतो आहे. मी पुढे जे केलं, ते धाडस होतं असं कोणी म्हणू नये. तिथे उभं राहणं आत जाण्यापेक्षा जास्त भयंकर होतं, एवढंच. मी पेटीतला मुखवटा चढवला, ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि दारातून आत गेले.

पांढरं धुकं होतं. डोळे उघडले की सुया, म्हणून मिटून घेतले. सहा पावलं. पाचव्यालाच पोटरीला पाइप लागला, भीतीने माझी पावलं मोठी पडत होती. वळले. चार पावलं, आणि तिसऱ्या पावलाला पायाला मऊ लागलं. तो मिस्त्री होता. वाकले नाही. वहीत तसंच लिहिलं होतं, आधी चाक. त्याला ओलांडून हात वर केला. चाक लागलं. उजवीकडे, उजवीकडे, घट्ट होईपर्यंत. शिट्टी हळू झाली, मग थांबली. मागून कोणाचे तरी हात मिस्त्रीच्या काखेत शिरले. दुसरा मुखवटा घालून वॉचमन आला होता.

बाहेर आलो तेव्हा कारकून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून दारावर पाण्याचा फवारा मारत होता. कोणी टँकर काढला, कोणी दवाखान्याला फोन लावला. एक जण हलला आणि मग वहीतलं पान जसंच्या तसं चालू झालं. संध्याकाळचं दूध कड्याच्या शीतकरण केंद्राकडे वळवलं. एक कॅन नासला नाही. बशीर मिस्त्री वाचला. त्याचे डोळे तीन महिन्यांनी निवळले, आवाज मात्र कायमचा बसला.

आणि आप्पा? आम्ही सगळे फाटकाबाहेर जमलो तेव्हाही ते बाकावरच होते. संध्याकाळी पहिली दुधाची गाडी कड्याकडे वळवल्यावर उठले. नेमाप्रमाणे.

दंतकथा त्याच दिवशी सुरू झाली. काय माणूस हाय, नेम म्हणजे नेम. आपल्याला जमतंय का त्ये बगत व्हता. जीव टांगणीला लावला, पर एक शब्द बोलला न्हाई. मालकांनी ती पुण्याला सांगितली. पुण्याहून एक साहेब येऊन वही बघून गेले आणि चांगला शेरा देऊन गेले. ज्याने म्हातारा म्हणून शिवी दिली त्या टँकरवाल्याने आप्पांचे पाय धरले. मिस्त्रीच्या बायकोनेही दवाखान्यात त्यांना सलाम केला. सगळ्यांत मी एकटी धुमसत होते. रागही आप्पांचा आणि अपराधही माझा, हे दोन्ही पोटात घेऊन मला झोप लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी ते बाकावर एकटे बसलेले दिसले. मी जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं, तीस चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्यांनी खिशातून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. तीसही होत्या.

"ठावं हाय," ते म्हणाले. "बाकावर बसल्या बसल्या सगळ्या उघडून बगितल्या. माजं अक्षर एवढं चांगलं न्हाई."

मग तर माझा तोल गेला. चिठ्ठी खोटी आहे हे माहीत होतं, मग तुम्ही का उठला नाहीत? नेम मोठा की माणूस मोठा? हेच सगळं मी मोठ्या आवाजात बोलले. त्यांनी मग दोन्ही घड्याळांकडे बघितलं, वेळेसाठी नव्हे.

"उठताच येईना, ताई. वाचा गेलती. चिठ्ठी नसती तरी गेली असती."

 त्यांनी पुढचं सावकाश सांगितलं. तरुणपणी ते केजकडच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. भरदुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. सगळ्यांना बाहेर काढायची घंटा त्यांच्या टेबलापाशी, दोर हाताला लागेल असा. त्यांनी आग पाहिली सगळ्यांच्या आधी. दोर ओढायचा होता. हात उचलला नाही. दुसऱ्या कोणीतरी येऊन ओढेपर्यंत ते तसेच उभे होते. त्यांचा धाकटा भाऊ आत होता. त्याला कामाला त्यांनीच लावलं होतं.

"लोक म्हणले, धक्का बसला बिचाऱ्याला. धक्का मागून बसला. आदी भ्या वाटलं. तवापासून मी धरूनच चालतो. येळ आली की पहिला मीच नसतो. म्हणून बाकीच्यांचं बगून ठिवायचं."

वहीतल्या प्रत्येक पानाची पहिली ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती नम्रता नव्हती. नाटकही नव्हतं. त्यांना स्वतःची जी एकच गोष्ट खात्रीने माहीत होती ती त्यांनी पानापानावर लिहून ठेवली होती, आणि आमच्यापैकी एकालाही ती वाचता आली नव्हती. मला रडू आलं. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. कोणाची चिठ्ठी निघालेली नसताना त्या बाकावर बसणारे आम्ही दोघंच असू.

थोड्या वेळाने त्यांनी पुण्याहून पुन्हा परत आलेला तो कागद काढला. कोरा रकाना माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आत जाताना भ्या वाटलं का?"

"लई," मी म्हणाले.

"तरी गेलात न्हवं. मग लिवा तुमचं नाव."

मी लिहिलं. सही तिरपी आली. मग विचारलं, बशीर मिस्त्रीला हे सांगू का? त्याला कळायला हवं असं मला वाटत होतं. आप्पांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मी हाय तवर नगा सांगू," ते म्हणाले.

मंगळवार चालू राहिले. डब्यात त्यांच्या नावाच्या पुन्हा दोनच चिठ्ठ्या पडल्या, त्या त्यांनी माझ्यासमोर टाकल्या. मी तिथे आणखी तीन वर्षं होते, मग लग्न होऊन लातूरला गेले. आजही कुठल्या नव्या इमारतीत शिरले की दारापासून पावलं मोजते, आणि त्या तिरप्या सहीने अंगावर घेतलेल्या जबाबदारीची भीती अजून गेलेली नाही.

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा धर्मापुरीला गेले. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकून, मांडी घालून, हात गुडघ्यांवर, कपाळावर ताजं भस्म. मी दारातच थांबले. लिंबाखाली बसले होते तसेच ते बसले होते. घड्याळं कोणीतरी काढून ठेवली होती. दोन्ही मनगटांवर दोन पांढरे पट्टे राहिले होते.

बशीर मिस्त्री आधीच आला होता. आपल्या बसक्या आवाजात तो आप्पांच्या भावकीला तीच गोष्ट सांगत होता. मी आत मरत व्हतो, पर आप्पासाबनं नेम मोडला न्हाई. लोकांना शिकवलं म्हणून मी जिता हाय. मला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"म्याडम, तुमी व्हतात. सांगा यांना. बोलले का एक शब्द?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आप्पांकडे बघितलं.

"न्हाई," मी म्हणाले. "एक शब्द न्हाई बोलले."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मिस्त्रीने समाधानाने डोळे पुसले. खरं सांगायची मुभा मला त्या दिवसापासून होती, पण त्याच्या तोंडची गोष्ट हिसकावून घ्यायला माझी जीभ रेटली नाही. आता तोही गेला, दोन वर्षं झाली. लिंबाखाली त्या दुपारी काय झालं ते आता माझ्या एकटीपाशी आहे, आणि जे एकट्याला ठावं आहे ते कोणालाच ठावं नाही असं धरावं. म्हणून हे लिहिलं. दोन प्रती काढल्या आहेत.